टिकेल, पण कुठवर?

ताई,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक एकेक करून उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, मॅडम अतिशय शांत स्वभावाच्या. तुझ्या जुन्या प्रयोगशाळेतून मुंबईहून आलेले एक गृहस्थ म्हणाले, त्यांचा आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नाही. मी पहिल्या रांगेत दाजींच्या शेजारी बसलो होतो. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. समोर भंतेजी बसलेले, सगळा हॉल गंभीर, आणि आम्हा दोघांना हसू आवरेना. तुझा चढलेला आवाज माझ्या शेडमधल्या प्रत्येक माणसाने ऐकलाय. ब्लोअर चालू असतानाही तो ऐकू यायचा.

नंतर मला बोलायला सांगितलं. मी माईक हातात घेतला, आलेल्यांचे आभार मानले आणि खाली बसलो. तुझ्या पदव्या, तुझे शोधनिबंध, तू कुठे कुठे जाऊन आलीस, हे सगळं इतरांनी सांगून झालं होतं. माझ्याकडे फक्त आपली भांडणं उरली होती आणि ती हॉलमध्ये सांगण्यासारखी नव्हती. म्हणून ती तुलाच सांगतो. तुला सगळी ठाऊक आहेत, शेवटचं एक सोडून.

खरं म्हणजे भांडण एकच होतं. निमित्तं वेगळी. मी अंबडच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची शेड टाकली त्या वर्षी तू बघायला आलीस. एक गिऱ्हाईक कडक करून घेतलेले गिअर न्यायला आलं होतं. त्याने विचारलं, टिकतील ना? मी म्हटलं, निवांत राहा शेठ, काही होत नाही. तो खूश होऊन निघाला. तो गेटबाहेर पडायच्या आत तू कोपऱ्यातल्या स्टुलावरून विचारलंस, "टिकतील, पण कुठवर?" मी म्हटलं, अगं, असं कोणी विचारत नाही. तू म्हणालीस, विचारत नाहीत म्हणूनच आपण होऊन सांगायचं असतं. भार किती, ताप किती, वर्षं किती. मला वाटलं तू माझा धंदा बुडवणार. तुला वाटलं आपला भाऊ लबाड आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं.

आई म्हणायची, आमच्या सुजाताला चहा कसा झालाय विचारलं तर ती आधी विचारते, कशाच्या मानाने? आणि अशा बाईला नवरा मिळाला तो मराठीचा मास्तर. दाजींनी आयुष्यभर पोरांच्या निबंधांखाली 'छान' असा शेरा मारला. एकदा तू त्यांच्या गठ्ठ्यातला एक निबंध वाचलास आणि म्हणालीस, प्रभाकर, यात छान काय आहे? ते म्हणाले, त्याने लिहिला हे छान आहे. तू पुढे काही बोलली नाहीस. तुला गप्प करता येणारा तो एकच माणूस मी पाहिला.

निवृत्त झाल्यावर तुम्ही दोघं नाशिकला आलात, उपनगर भागात फ्लॅट घेतलात. मला वाटलं आता तू बागेत फिरशील, तुझ्या भावजयीबरोबर, वैशालीबरोबर, भाजी आणायला जाशील. पण तू कॉलेजमध्ये मानद म्हणून शिकवायला लागलीस, एक प्रकल्प मंजूर करून घेतलास, आणि एका सकाळी कापडी पिशवी घेऊन माझ्या केबिनमध्ये हजर झालीस. पिशवीतून एक चकचकीत नळीचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवलास. बोटाएवढा लांब, पेन्सिलीएवढा जाड. मी म्हटलं, हे काय, पेनाचं टोपण? तू म्हणालीस, ही भिंत आहे.

त्या दिवशी तू मला जे सांगितलंस ते मी नंतर इतक्या लोकांना सांगितलं की आता ते माझंच वाटतं. अणुभट्टीत इंधनाच्या गोळ्या असल्या नळ्यांत भरतात. बाहेरून पाणी वाहतं. इंधन तापतं, पाणी ती उष्णता घेऊन जातं, आणि किरणोत्सारी जे काही तयार होतं ते नळीच्या आत कोंडलेलं राहतं. इंधन आणि जग यांच्यामधली पहिली भिंत ती एवढीशी. झिर्कोनियमच्या मिश्रधातूची, कारण तो न्यूट्रॉन फारसे खात नाही आणि पाण्यात वर्षानुवर्षं नीट राहतो. मी विचारलं, मग अडचण काय? तू म्हणालीस, अडचण पाणी थांबलं तर. नळी तापत जाते, उरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि एका तापमानानंतर तोच गुणी झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घ्यायला लागतो. हायड्रोजन मोकळा सुटतो. त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते, म्हणजे नळी स्वतःच स्वतःला तापवते. ऑक्सिजन पिऊन पिऊन ठिसूळ होते.

"तू पोलादाला पाणी देतोस आणि ते कडक होतं," तू म्हणालीस. "माझ्या नळीला त्या वेळी पाणी दिलं तर तिचे तुकडे होऊ शकतात. आणि पाणी तर द्यावंच लागतं."

तुझा विचार होता नळीवर क्रोमियमचा थर चढवायचा, केसाहूनही पातळ. वाफ आधी क्रोमियमशी भिडेल, त्याचा घट्ट ऑक्साइड होईल आणि तो आतल्या धातूला झाकून ठेवेल. मी माझं शहाणपण चालवलं. म्हटलं, माझ्या भट्टीतल्या तारा बघ, लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या. वर्षानुवर्षं लालबुंद राहतात, काही होत नाही त्यांना. त्याचीच नळी कर की. तू इतकी खूश झालीस की मला वाटलं मी शोधच लावला. मग म्हणालीस, जगात कितीतरी लोक त्याच मागे आहेत, पण लोखंड न्यूट्रॉन खातं रे, मग भिंत आणखी पातळ करावी लागते, आणि पातळ भिंतीचे प्रश्न वेगळे. तो वाद आपण पुढे किती वेळा घातला. मी लोखंडाच्या बाजूने, तू झिर्कोनियमच्या. घरची माणसं ऐकून कंटाळायची. वैशालीने तर नियम केला होता, ताटावर धातूचं नाव काढायचं नाही.

माझ्या भट्ट्या नऊशे अंशांच्या आसपास सुखी असतात. तुला बाराशे हवे होते, शिवाय वाफ. म्हणून शेडच्या मागच्या भागात तुझी वेगळी छोटी भट्टी उभी केली. वाफेसाठी मी एका बंद पडलेल्या लाँड्रीचा बॉयलर मिळवला. तू त्याच्याकडे असं पाहिलंस जसं मी तुला भंगारात बसवतोय. पहिल्याच दिवशी वाफेचं पाणी झालं, ते थेंब तापलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीवर पडले आणि टक्‌ असा आवाज होऊन महागातली नळी आडवी चिरली. तुझी एम. टेक.ची विद्यार्थिनी गायत्री रडायच्या बेतात आली. मी तुझ्या ओरडण्याची वाट बघत होतो. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, पाण्याने पहिल्या दिवशीच धडा सांगितला, फी घेतली एवढंच.

शेजारच्या शेडचा मालक घाबरून आला होता, आठवतं? त्याने कुठूनतरी अणू हा शब्द ऐकला होता. मी त्याला म्हटलं, निवांत राहा, काही नाही. तो चहा पिऊन शांत झाला. तेवढ्यात तू आलीस आणि त्याला समोर बसवून सगळं नीट सांगितलंस. या कोऱ्या नळ्या आहेत, यांत इंधन कधी गेलेलं नाही, किरणोत्सार शून्य. पण हायड्रोजन निघतो, थोडाच निघतो, तो असा असा बाहेर सोडतो, आणि तरी आम्ही काय काय काळजी घेतो. माझ्या उत्तराने तो गप्प झाला होता. तुझ्या उत्तराने तो रोज येऊन चौकशी करायला लागला. मी चिडलो. तू म्हणालीस, बघ, आता लक्ष ठेवणारा आणखी एक माणूस मिळाला.

मग तो दिवस आला. साधी नळी आणि थर चढवलेली नळी, दोन्ही एकाच वेळी बाराशेच्या वाफेत ठेवल्या होत्या. साध्या तुकड्याची टोकं तू खास बंद करून घेतली होतीस आणि थर चढवलेल्याचीही, म्हणजे वाफ फक्त बाहेरून लागावी. बाहेर काढल्यावर साधी नळी राखाडी-पांढरी, खडूसारखी झाली होती. गायत्रीने चिमट्याने उचलली तर कुरडईसारखी मोडली. दुसरी बाहेर आली ती काळपट हिरवी, पण अखंड. तू ती टेबलावर आपटलीस. खण्ण वाजली. तू माझ्याकडे बघून पुन्हा आपटलीस. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला ताई, आणि माझ्या मनात आलं की आपल्या अण्णांनी, प्रेसमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने, हे बघायला हवं होतं.

मी काय केलं? नात्यागोत्यात सगळ्यांना फोन करून सांगितलं, ताईने न जळणारी नळी केली. तू ते ऐकलंस तेव्हा माझी काही धडगत नव्हती.

आणि मग वाचनालयातलं ते व्याख्यान. हॉल भरला होता. तू छान बोललीस, स्लाइड दाखवल्यास, मोडलेली आणि न मोडलेली नळी हातोहात फिरवलीस. शेवटी एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. त्यांची मुलगी आणि नातवंडं अणुवीज केंद्राच्या वसाहतीत राहत होती. त्यांनी एवढंच विचारलं, मॅडम, मग आता काळजी नाही ना? सगळा हॉल तुझ्या 'नाही'ची वाट बघत होता. तू म्हणालीस, काळजी आहे. अपघात झालाच तर या थराने जास्त वेळ मिळेल. किती, ते आम्ही मोजतोय. ते गृहस्थ खाली बसले. त्यांचा पडलेला चेहरा मला अजून दिसतो.

गाडीत आपण भांडलो. द्वारकेच्या चौकात ट्रॅफिक अडकली होती आणि काचा बंद असूनही बाजूचा रिक्षावाला आपल्याकडे बघत होता. मी म्हणत होतो की माणसाला समाधान द्यायला तुझं काय जातं. तू म्हणालीस, "नळी कोणाला वाचवत नाही, मिलिंदा. नळी वेळ मिळवून देते, त्या वेळात माणसांनी पाणी परत चालू करायचं असतं. काळजी नाही असं सांगितलं तर ती माणसं निवांत बसतील."

मी म्हटलं, "ते आजोबा पाणी चालू करायला जाणार नव्हते. त्यांना फक्त झोप हवी होती."

तू उपनगरला उतरलीस, चहाला वर ये म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी शेडवर आलीस तेव्हा मेथीचे ठेपले आणले होतेस. वाद संपला नव्हता. आपल्यात तो जेवणासाठी थांबायचा एवढंच.

त्याच हिवाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं. तू ते बरेच दिवस ढकललंस. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दाजींना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. तू बाहेर बाकावर बसली होतीस. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया होणार नाही, औषधांनी त्रास कमी करू, थोडा काळ वाढेल. दाजींनी हात जोडले. म्हणाले, डॉक्टर, तिला सांगू नका. मग माझ्याकडे वळून तेच म्हणाले. मी मान हलवली. बाहेर येऊन दाजींनी तुला सांगितलं की आतड्याला जखम आहे, पथ्य पाळलं की भरून येईल. तू हो म्हणालीस. रिपोर्ट बघायलाही मागितला नाहीस. जी बाई औषधाच्या पाकिटातला घडीचा कागद उलगडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, तिने रिपोर्ट मागितला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात तू शेडवर आलीस. भट्टी चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण नेहमी केबिनमध्ये बसायचो. तू मधूनच काचेतून तापमानाचा आकडा बघायचीस आणि मी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचो. त्या दिवशी तू म्हणालीस, फोन बंद कर. मी केला.

"त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आलास," तू म्हणालीस, "आणि मला 'काही होत नाही' म्हणाला नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा."

मी खाली बघत होतो. तू म्हणालीस, "सांग. कुठवर?"

मी तुला सांगितलं, ताई. कुठे आहे, किती पसरलाय, डॉक्टर काय म्हणाले. ते महिन्यांत बोलले, वर्षांत बोलले नाहीत, हेही सांगितलं. मी जन्मभर लोकांना निवांत राहा म्हणत आलो, पण तुझ्यासमोर बसून ते शब्द तोंडातून फुटले नाहीत. तू ऐकून घेतलंस. उठलीस, बाहेर जाऊन आकडा बघून आलीस, गायत्रीला वाफ आताच सोडू नको असं सांगितलंस. परत आलीस तेव्हा डोळे पुसून आली होतीस. माझा हात हातात घेतलास. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर गाडी आली की धरायचीस तसा.

मग म्हणालीस, "मला कळलंय हे प्रभाकरला कळू देऊ नकोस."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, तू? तू हे म्हणतेस? भर हॉलमध्ये त्या आजोबांना खरं सांगणारी तू? तू शांतपणे म्हणालीस, "ज्याला काही ठरवायचंय त्याला मर्यादा सांगायची. प्रभाकरला काय ठरवायचंय? त्याला मला मुगाची खिचडी करून घालायची आहे. घालू दे."

मी म्हटलं की हे बरोबर नाही, त्यांचाही हक्क आहे, दोघंजण एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवणार, हे काय जगणं झालं? तू म्हणालीस, तो रोज सकाळी मला सांगतो की आज तोंडावर तकाकी आहे. ते सांगताना त्याला किती बरं वाटतं ते तू पाहिलं नाहीस. मी पुन्हा बोलायला लागलो. तू उठलीस, भट्टी बाराशेला आली होती.

हे ते भांडण, ताई, जे संपलं नाही.

त्यानंतर तू जी घाई केलीस ती दाजींना कळेना. ते म्हणायचे, अगं, विश्रांती घे, जखम भरू दे. तू म्हणायचीस, बसून भरत नाही. तुला एक चाचणी करायची होती. खऱ्या अपघातात नळी नुसती तापत नाही; आतल्या वायूचा दाब असतो, तापून मऊ झालेली नळी फुगते आणि फुटते. फुटल्यावर वाफ आत शिरते, आणि आतून थर नसतो. कॉलेजच्या विभागप्रमुखांचं म्हणणं होतं की इतका सुंदर निकाल हातात आहे, अहवाल इथेच पूर्ण करू, फुटण्याची चाचणी पुढच्या प्रकल्पात. त्यांचंही चुकीचं नव्हतं, मुदत जवळ आली होती. तू त्यांना म्हणालीस, सर, अपघात आपल्या मुदतीला थांबत नाही. तुला पुढचा प्रकल्प आहे की नाही हे तू त्यांना सांगितलं नाहीस.

द्राक्षांचा हंगाम संपत आला होता तेव्हा ती चाचणी झाली. तू खुर्चीत बसून होतीस, उभं राहवत नव्हतं. नळी मधोमध फुगली, पोपटाच्या चोचीएवढी चीर पडली आणि वाफ आत गेली. थंड झाल्यावर तू तुकडा हातात घेतलास. बाहेरून तोच काळपट हिरवा, शाबूत. आतून चिरेभोवती खडू झालेला. तू चिरेजवळ दाबलंस आणि तो मोडला.

मला वाईट वाटलं. वाटलं, एवढी धडपड, आणि शेवटच्या निकालाने पाणी फिरवलं. मी काहीतरी बोललोही तसं. तू माझ्याकडे आश्चर्याने पाहिलंस. म्हणालीस, अरे, बाकीची नळी टिकली ना. साध्या नळीपेक्षा उशिरा फुगली, चीरही लहान. आता आपल्याला कळलं कुठवर. तू इतकी समाधानी दिसत होतीस की मला त्या क्षणी तुझा राग आला. कशाचा ते सांगता येणार नाही. एवढ्या समाधानाने तू निघायची तयारी करते आहेस असं वाटलं असेल.

अहवाल तू घरी बिछान्यात बसून सांगितलास, गायत्रीने लिहून घेतला. तिने एका ठिकाणी 'सुरक्षित नळी' असं लिहिलं, ते तू खोडायला लावलंस आणि 'अधिक वेळ देणारी नळी' असं करून घेतलंस. दाजी शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, छान. तू त्यांना म्हणालीस, हो, छान आहे. तुमचं लग्न झाल्यापासून हा शब्द तुझ्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

शेवटचे दिवस मी इथे लिहीत नाही. तू एका दुपारी गेलीस, दाजी स्वयंपाकघरात होते, मी तुझ्या पायाशी. वैशालीने खिडकी उघडली. बस.

आता ते, जे तुला ठाऊक नाही.

काल मी उपनगरला गेलो होतो. दाजी तुझी औषधं वेगळी करत बसले होते. न फोडलेली पाकिटं परत देऊन टाकू म्हणाले, कोणाच्या तरी कामी येतील. मी मदतीला बसलो. थोड्या वेळाने त्यांनी हातातलं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मिलिंद, तिला माहीत होतं का?"

तुझा शब्द होता माझ्याकडे. एक निवांत उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं: नाही दाजी, तिला काही कळलं नाही, ती सुखात गेली. तसं म्हटलं असतं तर त्यांना रात्री झोप लागली असती. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हटलं, "हो. मीच सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

दाजी उठले आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं मी मोडू नये ते मोडलं. जाऊन खांद्यावर हात ठेवावा की नाही ते कळेना. मग ते तिथूनच बोलायला लागले, रस्त्याकडे बघत. म्हणाले, मागच्या महिन्यात तिने एका संध्याकाळी मला विचारलं, प्रभाकर, मी नसले तर तू इथेच राहशील की देवळ्याला भावाकडे जाशील? मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, असलं काही बोलायचं नाही, तू बरी होणार आहेस. ती बरं म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

"ती खरंच विचारत होती," दाजी म्हणाले. "आणि मी उत्तर दिलं नाही."

बघ, ताई. त्यांनाही काही ठरवायचं होतं. मी तुला तेच सांगत होतो त्या दिवशी. पण वाद जिंकल्यासारखं मला वाटत नाही, कारण दाजी आत आले, डोळे पुसले आणि म्हणाले, माझ्यासाठी ती इतके दिवस खोटं बोलली? तिला तर जमायचंच नाही ते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर दुसरंही काहीतरी होतं, जवळपास अभिमानासारखं. म्हणाले, बरं झालं तू तिला सांगितलंस, निदान तुझ्याजवळ तरी ती बोलली. म्हणजे, ताई, तूही पुरती चुकली नव्हतीस.

आम्ही चहा केला. दाजींनीच केला, मी कप धुतले. मग ते कपाटाकडे, तुझ्या पुस्तकांकडे, खाली रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांकडे बघत राहिले. शेजारची मुलगी दहावीचं व्याकरण शिकायला येऊ का म्हणून विचारून गेली होती, ते त्यांनी मला सांगितलं. भाऊ न्यायला येणार आहे देवळ्याहून, त्याला काय सांगायचं तेही ठरलं म्हणाले. तुला सांगायचं तेवढं राहून गेलं, ते त्यांच्या वतीने मी सांगतो.

दाजी इथेच राहणार आहेत, ताई.

तुझा,
मिलिंद